आधी खुर्चीची किंमत, मग माणसाची: अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमधून शिकायचा हिशोब



व्हिडिओत वेळ कमी असतो, त्यामुळे आकडे पटापट निघून जातात. म्हणून हा विषय इथे निवांत लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा, शेवटी एक काम करायचं आहे.

प्रश्न साधा आहे. तुमच्याकडे पैसे मर्यादित आहेत आणि माणसं घ्यायची आहेत. समोर एक जबरदस्त माणूस उभा आहे, आपल्या कामात एक नंबर. घ्यायचा का?

आपल्यापैकी बहुतेक जण लगेच म्हणतील, "चांगला माणूस मिळतोय ना, मग घेऊन टाका!" अमेरिकेतल्या एका मोठ्या टीमने २०१८ मध्ये नेमकं हेच केलं. माणूस खरोखरच उत्तम निघाला, तरीही पुढच्या चार वर्षांत टीमने १९ सामने जिंकले आणि ४६ हरले. गंमत म्हणजे तोच माणूस सहा वर्षांनी दुसऱ्या टीममध्ये गेला आणि ती टीम चॅम्पियन झाली.

मग चूक कुठे झाली? हे समजलं तर पहिला कामगार, पहिला पार्टनर, पहिली मशीन, सगळं घेताना तुमचा हात जरा थांबेल.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. दोन्ही बाजूंनी ११-११ खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. असं करत शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचलात की टचडाऊन, ६ गुण. ते जमत नसेल तर बॉल लाथेने खांबांमधून मारायचा, त्याचे ३ गुण.

आता खुर्च्या बघू. मी मुद्दाम खुर्च्या म्हणतोय.

क्वार्टरबॅक: प्रत्येक चालीत बॉल आधी याच्या हातात येतो. फेकायचा की दुसऱ्याला द्यायचा, हे काही क्षणांत तो ठरवतो.

रनिंग बॅक: बॉल छातीशी धरून गर्दीतून धावतो. दिसायला सगळ्यात थरारक काम.

वाइड रिसीव्हर: लांब पळत जाऊन फेकलेला बॉल पकडतो.

टॅकल: पुढच्या ओळीतले दोन टोकांचे धिप्पाड खेळाडू. यांचं काम एकच, क्वार्टरबॅकपर्यंत कुणाला पोहोचू द्यायचं नाही.

एज रशर: समोरच्या टीमचा माणूस, जो क्वार्टरबॅकला पाडायला टोकाकडून धावून येतो.

कॉर्नरबॅक आणि सेफ्टी: मागे राहून लांबचे पास अडवणारे.

किकर: फक्त लाथ मारायला मैदानात येतो.

पर्स आणि रांग

या लीगचं नाव एनएफएल. एकूण ३२ टीम. इथे दोन नियम महत्त्वाचे.

पहिला, सॅलरी कॅप. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक टीमला ठराविक पर्स असते ना, तसंच. मालक कितीही श्रीमंत असो, खेळाडूंवर एका मर्यादेपलीकडे खर्च करता येत नाही. २०२४ मध्ये ही मर्यादा २५.५४ कोटी डॉलर होती. त्यात ५३ माणसांची टीम सांभाळायची. एकाला जास्त दिले की दुसऱ्या कुणाला तरी कमी द्यावे लागतात.

दुसरा, ड्राफ्ट. कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू लिलावात विकले जात नाहीत. टीम रांगेने एकेक खेळाडू निवडतात. मागच्या हंगामात जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला, चॅम्पियनचा शेवटचा. असे सात राउंड होतात.

आता नीट लक्ष द्या. २०११ पासून नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या नंबरला निवडला गेला यावर जवळपास ठरलेला असतो. तो कुठल्या खुर्चीवर बसणार, याने फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या नंबरला क्वार्टरबॅक घ्या किंवा रनिंग बॅक घ्या, बिल साधारण तेवढंच.

अनुभवी खेळाडूंच्या खुल्या बाजारात मात्र खुर्चीप्रमाणे भाव वेगवेगळे आहेत. या दोन भावांमधल्या फरकातच सगळा खेळ आहे.

बाजार कोणत्या खुर्चीला किती देतो

२०२३ आणि २०२४ मध्ये झालेले काही मोठे करार बघा. हे सगळे आपापल्या जागेवरचे नामांकित खेळाडू आहेत. आकडे वर्षाच्या सरासरीचे, डॉलरमध्ये.

- क्वार्टरबॅक, डॅक प्रेस्कॉट: ६ कोटी
- वाइड रिसीव्हर, जस्टिन जेफरसन: ३.५ कोटी
- एज रशर, निक बोसा: ३.४ कोटी
- टॅकल, ट्रिस्टन वर्फ्स: साधारण २.८ कोटी
- कॉर्नरबॅक, पॅट्रिक सर्टेन: २.४ कोटी
- सेफ्टी, अँटवान विनफिल्ड: २.१ कोटी
- रनिंग बॅक, ख्रिश्चन मॅकॅफ्री: १.९ कोटी
- किकर, हॅरिसन बटकर: ६४ लाख

सगळे मेहनती, सगळे आपल्या कामात पट्टीचे. तरी वरच्या आणि खालच्या आकड्यात नऊपटीपेक्षा जास्त फरक. असं का? यामागे चार प्रश्न आहेत.

प्रश्न १: या खुर्चीने निकाल किती बदलतो?

या खेळात एका पासमागे सरासरी सहा-सात यार्ड मिळतात आणि धावण्यामागे चार-साडेचार. म्हणजे पुढे जायचा मोठा रस्ता पासचा आहे. त्यामुळे बॉल फेकणारा, तो पकडणारा, फेकणाऱ्याला वाचवणारा आणि फेकणाऱ्याला पाडणारा, या चार जागा महाग.

टॅकलचंच बघा. अख्ख्या सामन्यात तो बहुतेक वेळा बॉलला हातही लावत नाही. पण नोव्हेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइजमन याला लॉरेन्स टेलरने पाडलं, पाय मोडला आणि थाइजमनची कारकीर्दच संपली. टेलरसारखे वेगवान खेळाडू आले तसं टीमना कळलं की उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू त्याच्या नजरेआड असते, आणि ती सांभाळणारा माणूस म्हणजे सगळ्यात महाग वस्तूचा विमा. विम्याचे पैसे द्यावेच लागतात.

प्रश्न २: हा नाही मिळाला तर पुढचा कितपत कमी?

बरेच जण इथेच फसतात, म्हणून हळू वाचा.

एनएफएलच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण कुणाच्या नावावर आहेत? एका किकरच्या! अॅडम विनाटिएरी, २,६७३ गुण. आणि हा माणूस ड्राफ्टमध्ये कुणी निवडलाच नव्हता. गुण सगळ्यात जास्त किकर मिळवतात, तरी पगार कमी, कारण चांगला किकर आणि बऱ्यापैकी किकर यांच्यात फरक असतो पण तो थोडा असतो. आणि बऱ्यापैकी किकर बाजारात सापडतो.

२०१६ मध्ये टॅम्पा बेने उलटं करून पाहिलं. रॉबर्टो अग्वायो नावाच्या किकरसाठी तिसऱ्या आणि चौथ्या राउंडच्या निवडी देऊन दुसऱ्या राउंडमध्ये वर सरकले आणि ५९ व्या नंबरला त्याला घेतलं. पहिल्या हंगामात ३१ पैकी २२ किक बसल्या आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याला सोडून दिलं. पण समजा तो चांगला निघाला असता, तरी त्या दोन निवडींत जी दोन माणसं मिळाली असती त्यांचं काय? हा प्रश्न राहतोच.

रनिंग बॅकचंही असंच काहीसं आहे. कॅन्सस सिटी चीफ्सने २०२० मध्ये पहिल्या राउंडमध्ये, ३२ व्या नंबरला, क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर नावाचा रनिंग बॅक घेतला. दोन वर्षांनी सातव्या राउंडमध्ये, २५१ व्या नंबरला, आयझाया पचेको आला. त्याच हंगामात पचेकोने पहिल्याची जागा घेतली आणि सुपर बोलच्या अंतिम सामन्यात ७६ यार्ड धावून एक टचडाऊनही केलं. चीफ्स जिंकले. तीच टीम, तीच खुर्ची, एक माल शोरूमच्या भावाचा आणि एक शेवटच्या शेल्फवरचा.

क्वार्टरबॅकच्या खुर्चीत असे चमत्कार क्वचित होतात. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या नंबरला मिळाला हे सगळे सांगतात. तो किस्सा पंचवीस वर्षं सांगितला जातो, कारण तसं सारखं होत नाही.

प्रश्न ३: ही खुर्ची बाहेरून घ्यायला गेलो तर काय भाव?

आता रांगेतला ठरलेला भाव आणि बाजारभाव एकमेकांशेजारी ठेवा.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरच्या खेळाडूला चार वर्षांचे साधारण ३.१२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे वर्षाला ७८ लाख. तिसऱ्या नंबरला सॅम डार्नल्ड हा क्वार्टरबॅक निवडला गेला, त्याला चार वर्षांचे साधारण ३ कोटी, म्हणजे वर्षाला ७५ लाख. त्याच वर्षी अनुभवी क्वार्टरबॅक मॅट रायनचा करार झाला, वर्षाला ३ कोटी. म्हणजे ड्राफ्टमध्ये घेतलेला क्वार्टरबॅक चांगला निघाला, तर बाजारात ३ कोटीला पडणारी वस्तू ७५ लाखांत मिळते. वाचलेल्या पैशांत दुसऱ्या चार खुर्च्या भरता येतात.

रनिंग बॅक मात्र ७८ लाखांना घेतला की एकही सामना न खेळता तो त्या जागेच्या महागड्या खेळाडूंच्या यादीत जाऊन बसतो. चांगला निघाला तरी बचत थोडी.

हे जमलं की काय होतं? सिअॅटल सीहॉक्सने २०१२ मध्ये तिसऱ्या राउंडमध्ये, ७५ व्या नंबरला, क्वार्टरबॅक रसेल विल्सन घेतला. २०१३ च्या हंगामात त्याचा पगार ५ लाख डॉलरच्या आसपास होता. उरलेली पर्स बाकीच्या टीमवर खर्च करायला मोकळी. त्या हंगामाचा सुपर बोल त्यांनी ४३-८ असा जिंकला.

प्रश्न ४: किती वर्षं चालणार?

टॉम ब्रेडी ४५ व्या वर्षी निवृत्त झाला. चांगले टॅकल तिशी ओलांडूनही खेळतात. रनिंग बॅक मात्र प्रत्येक चालीत दोन-तीन धिप्पाड माणसांवर आदळतो, त्यामुळे तिशी जवळ आली की बहुतेकांचा वेग उतरतो. ड्राफ्टमध्ये आलेला मुलगा २१-२२ वर्षांचा असतो. पहिला करार संपेपर्यंत त्याची चांगली वर्षं निम्मी होऊन जातात. दुकानात फ्रीजर घेताना आपण वॉरंटी बघतो, तसंच हे.

आता जायंट्सचा हिशोब मांडू

सुरुवातीला ज्या टीमबद्दल बोललो ती न्यूयॉर्क जायंट्स. २०१७ चा हंगाम ३ विजय आणि १३ पराभव. त्यामुळे २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर मिळाला. त्यांचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग. दोन सुपर बोल जिंकून दिलेला माणूस, पण वय ३७. त्या ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक भरपूर होते. जायंट्सनी घेतला सेक्वॉन बार्कली, रनिंग बॅक.

बार्कली कसा निघाला? जबरदस्त! पहिल्याच हंगामात १,३०७ यार्ड धावला, बॉल पकडूनचे धरले तर एकूण २,०२८ यार्ड, आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. टीम? ५ विजय, ११ पराभव. पुढच्या वर्षी ४-१२. मग ६-१०. मग ४-१३. मधे सप्टेंबर २०२० मध्ये बार्कलीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि तो हंगाम वाया गेला.

त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरला जॉश अॅलन गेला आणि ३२ व्या नंबरला लमार जॅक्सन. दोघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, जॅक्सन तर दोनदा.

पण थांबा, "बघा, क्वार्टरबॅक घ्यायला हवा होता" असं म्हणून मोकळं होऊ नका. डार्नल्डला न्यूयॉर्क जेट्सने तीन हंगामांनी दुसरीकडे पाठवलं. दहाव्या नंबरचा जॉश रोझन एका वर्षात टीमबाहेर गेला. म्हणजे महाग खुर्चीसाठी माणूस निवडला की तो चांगलाच निघतो, अशी गॅरंटी नाही.

मग जायंट्सचं नेमकं चुकलं काय? बार्कलीला ओळखण्यात ते अजिबात चुकले नाहीत. त्यांनी फक्त "हा माणूस किती चांगला आहे" एवढंच मोजलं. "या निवडीत आणखी काय मिळू शकलं असतं" हे मोजलं नाही. बीबीएला आम्हाला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवायचे, आपण तिला हातची गेलेली संधी म्हणू. ती कुठल्याच बिलावर छापलेली नसते, म्हणून दिसत नाही.

उलटी चूकही होते

"खुर्ची महाग आहे ना, मग त्यात कुणीही बसवा आणि पैसे द्या," हीसुद्धा चूकच. आणि गंमत बघा, तीही याच टीमने केली.

क्वार्टरबॅकची जागा भरायला जायंट्सनी २०१९ मध्ये सहाव्या नंबरला डॅनियल जोन्स घेतला. मार्च २०२३ मध्ये, एकाच दिवशी, दोन निर्णय झाले. जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ४ कोटी. आणि बार्कलीला फ्रँचाइज टॅग, म्हणजे एक वर्ष टीम सोडता येणार नाही आणि रक्कम त्या जागेच्या वरच्या पगारांवरून ठरणार. रनिंग बॅकसाठी ती होती साधारण १.०१ कोटी. त्या वर्षी क्वार्टरबॅकसाठी हाच टॅग होता साधारण ३.२४ कोटी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, करार अर्धाही झाला नव्हता, तेव्हा जायंट्सनी जोन्सला सोडून दिलं. त्यांनी खुर्चीचा भाव दिला, पण खुर्चीत बसलेला माणूस त्या भावाचा आहे का हे नीट तपासलं नाही. म्हणजे खुर्चीची किंमत हा हिशोबाचा पहिला भाग. माणूस पारखायचं काम त्याने संपत नाही.

तोच माणूस, दुसरं दुकान

मार्च २०२४. बार्कली मोकळा झाला आणि फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला तीन वर्षांसाठी ३.७७५ कोटी डॉलरला घेतलं. वर्षाला साधारण १.२६ कोटी.

त्या हंगामात तो २,००५ यार्ड धावला. प्लेऑफ धरून २,५०४ यार्ड, एका हंगामातला लीगचा विक्रम. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी चीफ्सना ४०-२२ हरवून सुपर बोल जिंकला.

मग "रनिंग बॅकला किंमत नाही" हे खोटं ठरलं का? नाही. ईगल्सने त्याला कधी घेतलं ते बघा. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स २०२० मध्येच दुसऱ्या राउंडमध्ये घेतलेला. रिसीव्हर दोन तगडे. एक टॅकल लेन जॉन्सन, २०१३ मधली चौथ्या नंबरची निवड. दुसरा टॅकल जॉर्डन मायलाटा. याची गोष्ट ऐका. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा मुलगा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. ईगल्सने त्याला २३३ व्या नंबरला घेतलं, शिकवलं, आणि दोन वर्षांनी तो टीमचा डावा टॅकल झाला. कुठल्या ड्राफ्टमधला? २०१८ चाच, ज्यात जायंट्सनी बार्कली घेतला!

म्हणजे महाग खुर्च्या ईगल्सनी आधी भरल्या, त्यातल्या काही स्वस्तात भरल्या, आणि मग जो माणूस धावतो त्याच्यापुढे रस्ता मोकळा करून ठेवला.

आता पैशांचं गणित करा. २०१८ मध्ये कॅप १७.७२ कोटी डॉलर होती, त्यात बार्कलीची वर्षाची सरासरी म्हणजे साधारण ४.४ टक्के. २०२४ मध्ये २५.५४ कोटीत १.२६ कोटी म्हणजे साधारण ४.९ टक्के. पर्समधला वाटा जवळजवळ तेवढाच! फरक एकच. जायंट्सनी त्याच्यासाठी दुसऱ्या नंबरची निवड खर्च केली, अशी निवड जी टीमला क्वचित मिळते. ईगल्सनी फक्त पैसे दिले, निवड एकही गेली नाही. जायंट्सना महाग पडला तो बार्कलीचा पगार नव्हता, ती निवड होती.

पण माणसाचं काय?

हा भाग व्हिडिओत राहून गेला होता, तो इथे सांगायलाच हवा.

जुलै २०२३ मध्ये बरेच नामवंत रनिंग बॅक एका व्हिडिओ कॉलवर एकत्र आले. विषय एकच, आमच्या कामाला भाव का नाही? त्यांचा राग मला पटतो. सगळ्यात जास्त मार तेच खातात. कारकीर्द छोटी. आणि बाजार म्हणतो, दुसरा मिळेल.

खुर्चीची किंमत कमी, याचा अर्थ माणसाची किंमत कमी असा होत नाही. हा हिशोब आपण घेताना करायचा असतो, माणसाशी बोलताना तो तोंडावर आणायचा नसतो. जो बोलतो "तुझ्यासारखे छप्पन्न मिळतील", त्याच्याकडे छप्पन्न येतात आणि छप्पन्न जातात. आणि प्रत्येक जाण्याचा खर्च असतो.

बार्कली ईगल्समध्ये चमकल्यावर मार्च २०२५ मध्ये त्यांनी त्याचा करार वाढवला, दोन वर्षांचे ४.१२ कोटी डॉलर. वर्षाला २ कोटींच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक. माणसाने जागेची सरासरी मोडून दाखवली, तर जादा मोजायचे. हासुद्धा हिशोबच आहे.

आता कागद घ्या

माझ्या हार्डवेअरच्या दुकानात मी पहिला माणूस ठेवला तो काउंटरवरचा, बोलायला एकदम पटाईत. गिऱ्हाईक खूश. पण गोडाऊन आणि ऑर्डर बघायला कुणी नव्हतं. गिऱ्हाईक आलं, गोड बोलणं झालं, आणि हवा तो माल संपलेला! मी किकर घेतला होता, टॅकलची जागा रिकामी होती. वर्षभराने माल बघणारा एक मुलगा घेतला, आणि मग तोच काउंटरवाला दुप्पट विकायला लागला. काउंटरवाला तोच होता, बदललं ते त्याच्या मागचं काम.

तुमच्या धंद्यातल्या सगळ्या खुर्च्या कागदावर लिहा. माणसांची नावं नको, कामं लिहा: खरेदी, माल, विक्री, उधारी वसुली, डिलिव्हरी, हिशोब. तुम्ही स्वतः करता ती कामंही लिहा. मग प्रत्येकासमोर चार उत्तरं लिहा.

१. हे काम एक महिना बिघडलं तर गल्ल्यात किती फरक पडेल?
२. हे करणारा उद्या गेला तर पुढचा किती दिवसांत मिळेल, आणि तो कितपत कमी असेल?
३. हे काम बाहेरून करून घ्यायला काय लागेल, आणि माणूस घेऊन शिकवलं तर काय लागेल?
४. शिकवलेला माणूस किंवा घेतलेली मशीन किती वर्षं उपयोगी पडेल?

मग पाचवी ओळ, सगळ्यात महत्त्वाची: हेच पैसे आणि हाच वेळ दुसऱ्या कुठल्या खुर्चीवर लावला असता तर काय मिळालं असतं?

आपली पहिली निवड म्हणजे पहिलं कर्ज, पहिली दोन वर्षं आणि घरच्यांनी दिलेला पहिला विश्वास. जायंट्सना पुढच्या वर्षी परत ड्राफ्ट मिळतो. आपल्याला तशी दुसरी रांग सहसा मिळत नाही. म्हणून समोरचा माणूस कितीही आवडला तरी आधी एक रात्र हा कागद भरा, मग त्याला हो म्हणा.

कागद भरून झाला की सगळ्यात महाग निघालेल्या खुर्चीवर आत्ता कोण बसलंय ते बघा. बऱ्याच जणांना तिथे स्वतःचंच नाव दिसेल, आणि ते काम आपण रात्री दहानंतर, थकल्यावर करतो हेही दिसेल. पुढच्या व्हिडिओत तिथूनच सुरू करू.

भेटूया. तोवर धंदा सांभाळा, हिशोब लिहीत राहा!